मामा लिव्हरच्या कॅन्सरने गेले, आई आणि मी हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. हे आजोळच्या रक्तातच आहे का?

कपाशीवाला, अमळनेर
पोळ्याच्या आठवड्यात गावात रक्तदान केलं, चार दिवसांनी फोन आला: एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. वय ३९. घरात सगळ्यांचं तपासलं. आई पॉझिटिव्ह, मधला भाऊ पॉझिटिव्ह, धाकटी बहीण निगेटिव्ह. बायकोला लस सुरू केली. मामा ४७ व्या वर्षी गेले. माळकरी माणूस, दारूचा थेंब नाही. लोक म्हणतात, तुमच्या आजोळलाच तो रोग आहे. एकाने पुण्याला जीनची टेस्ट सुचवलीय. करू का?

नाना, चोपडा
पांढरी कावीळ आहे ही. आमच्याकडे रविवारी झाडपाला देतात, लगेच उतरते.

लॅबवाली ताई, धुळे
नाना, रागावू नका, पण झाडपाल्याने लिव्हर बिघडलेले रिपोर्ट मी दर महिन्याला छापते.

दादा, आई आणि मामा एकाच आजीची लेकरं. आजोळहून आला तो बहुधा व्हायरसच, बाळंतपणात आईकडून बाळाला. जन्मताच लागण झालेल्या १०० बाळांपैकी ९० च्या अंगात तो कायमचा राहतो. मोठेपणी लागला तर बहुतेकांचा निघून जातो. म्हणूनच आता जन्मल्यापासून २४ तासांत लस टोचतात.

जीनचा वाटा नाहीच असं नाही. चीन-जपानमध्ये हजारो रुग्ण तपासून एचएलए, स्टॅट४ अशा जीनच्या जागी फरक सापडलेत. पण एकेका फरकाने धोका थोडाच हलतो आणि त्यावरून कुणाचा उपचार ठरत नाही. पुण्याचे पैसे राहू द्या. डॉक्टर विचारतात ते वेगळंच: सख्ख्या नात्यात कुणाला हा कॅन्सर झालाय का? आणि मामा सख्खे कुणाचे? आईचे. तुमच्याआधी आईची सोनोग्राफी करा, मग दर सहा महिन्यांनी. सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन आक्रसणं) नसतानाही हा कॅन्सर होतो, कारण व्हायरस आपला डीएनए लिव्हरच्या पेशींच्या डीएनएत घुसवतो. तिघांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते काढा. गोळी लागलीच तर २०१८ ला सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात फुकट आहे.

आणि एक, शेंगदाणे कुठे ठेवता?

कपाशीवाला, अमळनेर
माळवदाच्या खोलीत, पोत्यात. पावसात ओल येते. आई बुरशी चोळून काढते अन् कूट करते. का?

लॅबवाली ताई, धुळे
त्या बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन. भाजून, चोळून जात नाही. हिपॅटायटिस बी असलेल्याच्या लिव्हरला ते दुप्पट नाही, कित्येक पट महागात पडतं. म्हशीलाही घालू नका, दुधात उतरतं.

कपाशीवाला, अमळनेर
पोतं उकिरड्यात पुरलं. आई दोन दिवस बोलली नाही. सोनोग्राफीचं काढलं तर म्हणे, "माले काय व्हयनं?" शेवटी मामाचं नाव काढलं तेव्हा गप्प बसली. सोमवारी तिघं धुळ्याला येतोय. उपाशीपोटी यायचं ना?

लॅबवाली ताई, धुळे
हो. चहासुद्धा नको, आईला आधीच सांगून ठेवा.