मदत हवी आहे: दशावताराचे रात्रीचे फोटो. नव्या पिढीचा फोन घेतला तर खरंच फरक पडेल का?

जत्रेकरी:
मंडळी, तुळशीचं लग्न झालं की आमच्या सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि देवळापुढच्या मांडवात रात्रभर दशावतार रंगतो. कलाकारांशी ओळखी आहेत. त्यांना स्टेटसला, पोस्टरला फोटो लागतात, ते मी काढून देतो. हौस आहे, धंदा नाही.

माझा फोन २०१९ सालचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलत्याच भांडणात जाईल. दिवसाउजेडी फोटो झकास येतात. मांडवात मात्र, राजा दरबारात बसून बोलतोय तोवर ठीक. युद्ध सुरू झालं आणि पखवाज चढला की हात आणि तलवार कुठे संपतात ते कळत नाही. चेहरा स्थिर असला तरी रंगवलेलं तोंड मेणाचं वाटतं, मिशीची रेघ आणि गंधाचा काठ पुसला जातो. आणि आमचा संकासूर! काळा वेश, काळा मुखवटा, मागे काळोख. समोर बसलेली पोरं त्याला बघून आईच्या पदराआड जातात, आणि फोटोत नाइट मोड त्याला उजळून राखाडी करून टाकतो.

भाच्याकडे बराच नवा फोन आहे. दोघांनी एकाच जागेवरून फोटो काढले. बसलेल्या पात्राचा त्याचा फोटो उघडच चांगला होता. युद्धाचे दोघांचेही सारखेच वाईट. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून शेजारी ठेवले तर बसलेल्या पात्रातला फरकही शोधावा लागला.

तर पिढीगणिक अंधारातला कॅमेरा सुधारतो म्हणतात, तो नक्की कशात सुधारतो? आणि दोन फोनची तुलना करावी कशी? बजेट पंचवीस हजार, वापरलेला चालेल. वेगळा कॅमेरा घ्या असं कृपया सांगू नका. रात्रभर दाटीवाटीत मांडी घालून बसायचं असतं, खिशात मावेल तेवढंच हवं.

फिल्मवाला:
पहिलं काम, व्हॉट्सअ‍ॅपवरची तुलना विसरा. तिथे फोटो लहान होतो, दाबला जातो, आणि शटर (उजेड किती वेळ आत घेतला) आणि आयएसओ (तो किती वाढवला) यांची नोंदही निघून जाते. अंधारातल्या फोटोत जो बारीक तपशील शिल्लक असतो तोच आधी जातो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि दोन्हीकडचं शटर आणि आयएसओ बघा. ते आकडे न बघता केलेली तुलना म्हणजे नुसती आवडनिवड.

आता पिढ्यांचं. अंधारात दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या: सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या तुकड्यावर, प्रत्यक्ष किती उजेड पडला, आणि पडलेल्या उजेडाचं सॉफ्टवेअरने काय केलं. पहिलीचा हिशेब घरी मांडता येतो. उदाहरण आयफोनचं घेतो, कारण आकडे सरळ आहेत. ११ च्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स एफ/१.८, १२ ची एफ/१.६ (आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं). या दोन आकड्यांच्या भागाकाराचा वर्ग केला की १.२७ येतो, म्हणजे २७ टक्के जास्त उजेड. १२ ते १३ मध्ये लेन्स तीच, पण पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा एकेक कप्पा, १.४ मायक्रॉनचा १.७ झाला. पुन्हा वर्ग करा: ४७ टक्के जास्त. दोन्ही मिळून साधारण १.८७ पट. दोन पिढ्या ओलांडून उजेड दुप्पटसुद्धा नाही! ११ वर १/३० सेकंद शटरला जितका दाणेदारपणा (अंधारातल्या फोटोतले ठिपके) यायचा, तितक्यातच १३ वर फार तर १/५५ मिळेल. नाचत्या हातातली तलवार गोठवायला १/२५० च्या आसपास लागतं. तुमचे आणि भाच्याचे युद्धाचे फोटो सारखे का आले, ते यातच आलं.

खटपट्या:
सॉफ्टवेअरची बाजू मी घेतो. गूगलचे पिक्सेल ३ (२०१८), ४ आणि ५ हे फोन, तिन्हींच्या मुख्य कॅमेऱ्यात एकच सोनी आयएमएक्स३६३ सेन्सर, १२ मेगापिक्सेलचा. पिढ्या तीन, पण उजेड टिपणारा तुकडा तोच. नाइट साइट (गूगलचा नाइट मोड) नोव्हेंबर २०१८ मध्ये आलं तेव्हा ते २०१६ च्या पहिल्या पिक्सेललाही अपडेटमधून मिळालं. जुना फोन एका रात्रीत अंधारात बघायला लागला, तोही आतला एकही भाग न बदलता.

ते चालतं असं: हातात धरलेला फोन पंधरापर्यंत चौकटी भराभर घेतो, एकावर एक बसवतो, सरासरीत दाणे कमी होतात. फोन स्टँडवर आहे असं ओळखलं तर एकेक सेकंदाच्या चौकटीही घेतो. आता या चौकटींमध्ये तुमचा राक्षस उडी मारून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला तर बसवणार काय? जिथे हालचाल दिसते तिथे सॉफ्टवेअरला थोड्याच चौकटींवर भागवावं लागतं. मग तिथे एक तर दाणे राहतात, नाहीतर ते घासून गुळगुळीत केले जातात. तुमचं मेण तिथलंच.

खरी उडी पिक्सेल ६ ला, २०२१ मध्ये. सेन्सर १/२.५५ इंचावरून १/१.३१ इंचाचा, म्हणजे बराच मोठा झाला, आणि पिक्सेल ५ पेक्षा अडीचपटीपर्यंत उजेड असा कंपनीचाच दावा. पण ६ए घेताना सावध! नाव सहाचं, मुख्य सेन्सर मात्र तोच जुना ३६३.

सॅमसंगकडेही बघा. गॅलेक्सी एस२२, एस२३, एस२४ या तिन्हींचा मुख्य सेन्सर ५० मेगापिक्सेल, १/१.५६ इंच, लेन्स एफ/१.८. बसलेल्या राजासाठी त्यांतला नवा घ्या. उडणाऱ्या राक्षसासाठी फार आशा ठेवू नका.

नुसताच_वाचक:
एवढं गणित कशाला? १०८ मेगापिक्सेलवाला घ्या, बजेटमध्ये बसतो. माझ्याकडे रेडमी नोट १० प्रो आहे, मस्त फोटो येतात.

फिल्मवाला:
वाईट फोन नाही. पण त्याचे पिक्सेल ०.७ मायक्रॉनचे. नऊ-नऊ एकत्र करून २.१ मायक्रॉनचा एक धरतात आणि हातात येतो १२ मेगापिक्सेलचाच फोटो. अंधारात १०८ हा आकडा खोक्यावर शोभतो. बघायचा तर सेन्सरचा आकार, तो १/१.५२ इंच आहे, आणि त्या किमतीला चांगलाच आहे.

खटपट्या:
जत्रेकरी, मूळ फाइलींतले आकडे टाका ना. झूम करता का?

जत्रेकरी:
बघितले. युद्धाचे बहुतेक १/३० ला, आयएसओ १६०० च्या पुढेमागे. झूम तर लागतोच, जवळजवळ नेहमी दुप्पट. पुढच्या रांगा बायका-पोरांच्या असतात, मी मागे खांबाला टेकून.

फिल्मवाला:
मग नवा फोन नंतर बघू. साध्या फोनवर दुप्पट झूम म्हणजे सेन्सरचा मधला एक चतुर्थांश तुकडा. उरलेला तीन चतुर्थांश उजेड तुम्ही टाकून देताय. वेगळी टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) असली तरी तिचा सेन्सर लहान, आणि उजेड कमी पडला की पुष्कळ फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर येऊन फोटो कापून देतात. अंतर निम्मं करून झूमशिवाय काढलात तर त्याच चौकटीला चौपट उजेड. वर जो दोन पिढ्यांचा हिशेब मांडला तो पावणेदोनच्या थोडा वर होता.

पेटीवाला आणि पखवाजी बसतात त्या बाजूला जागा मागा. ओळखी आहेत म्हणता, नाही म्हणणार नाहीत. कोनही बरा मिळतो, दोन पात्रं समोरासमोर उभी राहतात ती बाजूने दिसतात.

मालवणी_खाजा:
माका पण ह्योच प्रश्न पडललो, बरा झाला विचारल्यात. माझी भर एवढीच, की मांडवातले दिवे बघा. आमच्या जत्रेत आता स्वस्त एलईडीच्या माळा आणि पट्ट्या. आपली वीज ५० हर्ट्झची, असले दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/२५० ला नेलं की फोटोत आडवे काळे पट्टे. १/१०० किंवा १/५० ला पट्टे जातात. हॅलोजनखाली हा त्रास बराच कमी, कारण तार तापलेलीच राहते. मंडळाला सांगून एक हॅलोजन रंगमंचावर वळवून घेतलात तर ते कुठल्याही अपडेटपेक्षा उपयोगी.

जत्रेकरी:
हे पट्टे भाच्याच्या फोटोत होते! आम्हाला वाटलं त्याचा फोन बिघडला. म्हणजे १/१०० ला अडकवायचं आणि पुढे सरकायचं. संकासुराचं काय?

खटपट्या:
नाइट मोड बंद. संकासुरावर बोट ठेवून फोकस घ्या आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, मुखवट्याची नुसती कड चमकेल इतकी. फोन काळ्या रंगाला कमी उजेड समजतो आणि वर उचलतो. नाइट साइट करणाऱ्यांनीही हा पेच मांडला होता: रात्रीचा फोटो भरदिवसाचा वाटू लागतो. मग त्यांनी चित्रकारांची जुनी रीत घेतली, कॉन्ट्रास्ट वाढवायचा आणि सावल्या काळ्याच राहू द्यायच्या.

मूळ अ‍ॅपमध्ये शटर हाताने लावता येत नसेल तर तशी सोय असलेलं अ‍ॅप घ्या. नाहीच जमलं तर युद्धाचा ४के व्हिडिओ सेकंदाला ६० चौकटींनी काढा. शटर १/६० पेक्षा मंद होऊच शकत नाही. चौकट आठ मेगापिक्सेलची निघते, स्टेटसला भरपूर, मोठ्या पोस्टरला कमी.

जत्रेकरी:
पेटीवाल्या बुवांना फोन केला, हो म्हणाले. फक्त मधेच उठायचं नाही अशी अट आहे. फोन खरेदी तूर्त थांबवतो. आजूबाजूच्या जत्रेत हे करून बघतो आणि मूळ फाइली ड्राइव्हवर चढवून इथे दुवा देतो. १/१०० ला आयएसओ किती वर जाऊ दिला तर पोस्टरला चालेल?

फिल्मवाला:
जाईल तितका जाऊ द्या, आणि अ‍ॅपमध्ये असेल तर रॉ (फोनने संस्कार न केलेली फाइल) ही ठेवा. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला हात सरळ करता येत नाही. ए३ पोस्टर चार हातांवरून बघतात, तिथे दाणे कोण मोजतो.