समुदायाचा संग्रह स्वतः उभारावा की विद्यापीठाकडे सोपवावा?

प्रश्न : रानवाटा

नमस्कार. आमच्या समुदायातील काही जण मिळून जुनी छायाचित्रे, पत्रके, सभांची इतिवृत्ते, खाजगी पत्रे आणि वृद्धांच्या मुलाखतींच्या कॅसेट एकत्र करीत आहोत. सरकारी दफ्तरांत आमच्याविषयी जे सापडते ते जवळजवळ सगळे वसाहतकाळातील पोलीस, महसूल आणि जनगणना अधिकाऱ्यांनी लिहिलेले आहे. त्यात आमची माणसे कायम कोणाच्या तरी अहवालाचा विषय म्हणून येतात, स्वतः बोलताना कुठेच दिसत नाहीत.

एका विद्यापीठाने हा सारा संग्रह स्वीकारण्याची तयारी दाखवली आहे. साठवण, स्कॅनिंग, सूची हे सगळे ते करतील. मात्र कराराच्या मसुद्यात मूळ कागदांची मालकी कायमची त्यांच्याकडे जाईल असे कलम आहे, आणि संग्रह पाहण्यासाठी संशोधक असल्याचे ओळखपत्र लागेल. म्हणजे ज्यांनी कागद दिले त्यांच्याच नातवंडांना तो पाहण्यासाठी परवानगी मागावी लागेल. शिवाय काही मुलाखतींत विधींचे तपशील आहेत, घराघरांतले वाद आहेत, पोलिसांशी झालेल्या झटापटी आहेत. हे काम स्वतंत्रपणे उभे राहू शकते का? सुरुवात कशापासून करावी, आणि आम्ही नसू तेव्हा या संग्रहाचे काय होईल?

उत्तर : दप्तरदार

स्वतंत्रपणे नक्की उभे राहते, आणि त्याची उदाहरणे आहेत. न्यूयॉर्कमधील लेस्बियन हर्स्टोरी आर्काइव्हज हा समलिंगी स्त्रियांच्या इतिहासाचा संग्रह १९७४ मध्ये सुरू झाला आणि कित्येक वर्षे एका राहत्या घरातच चालला. पुढे समुदायातून गोळा झालेल्या देणग्यांतून त्यांनी ब्रुकलिनमध्ये स्वतःची इमारत घेतली. संग्रह विद्यापीठाच्या आवारात नव्हे तर समुदायातच राहील, पाहायला येणाऱ्या स्त्रीकडे शैक्षणिक पात्रतेचा दाखला मागितला जाणार नाही आणि संग्रह कधी विकला जाणार नाही, ही तत्त्वे त्यांनी लिहून ठेवली. आपल्यासमोरच्या कराराशी ही तत्त्वे ताडून पाहावीत असे मी आग्रहाने सुचवेन.

दुसरा मार्ग साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्हचा आहे. २००८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मूळ कागद स्वतःकडे घेत नाही. डिजिटल प्रत करून मूळ वस्तू ज्या कुटुंबाची आहे त्याला परत करते. ज्यांच्याकडे इमारत नाही त्यांना हे परवडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आजीची पत्रे कायमची द्यायला कचरणारी माणसे तासाभरासाठी ती आनंदाने देतात.

तरीही सुरुवात जागेपासून किंवा स्कॅनरपासून करू नये. आधी कोणी काय पाहावे हे ठरवावे, आणि ते समुदायाच्या बैठकीत ठरवावे. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगू समुदायाबरोबर काम करताना तयार झालेली मुकुर्तू ही मुक्त संगणकप्रणाली याच विचारावर उभी आहे. काही गोष्टी सर्वांसाठी, काही केवळ त्या कुटुंबासाठी, काही फक्त स्त्रियांसाठी किंवा फक्त पुरुषांसाठी, असे समुदायाचे स्वतःचे नियम तिच्यात प्रत्येक नोंदीला जोडता येतात. सगळे सर्वांसाठी खुले असणे म्हणजेच न्याय, असे आपण सहज धरून चालतो. पण ज्यांच्या घरात शिरून परकी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नोंदी करीत आली, त्यांना दार लावण्याचाही अधिकार असला पाहिजे.

पोलिसांशी झालेल्या झटापटींच्या मुलाखतींबाबत विशेष काळजी घ्यावी. बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधील संघर्षात भाग घेतलेल्यांच्या मुलाखती २००१ पासून ध्वनिमुद्रित केल्या. आपण हयात असेपर्यंत त्या उघड होणार नाहीत, अशा समजुतीने लोक बोलले. २०११ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून अमेरिकेत समन्स निघाले आणि न्यायालयीन लढ्यानंतर काही टेप पोलिसांच्या हाती गेल्याच. म्हणून जे वचन कायद्यापुढे टिकणार नाही ते कोणालाही देऊ नये. ज्या कथनामुळे एखाद्या हयात व्यक्तीला त्रास होऊ शकतो ते ध्वनिमुद्रित करण्यापूर्वीच सांगणाऱ्याला हे स्पष्ट सांगावे, आणि नाव न घेता बोलण्याची किंवा न बोलण्याची मोकळीक द्यावी.

उत्तर : शिलालेख

दप्तरदार यांच्याशी सहमत आहे, पण एक गोष्ट जोडतो. स्वतंत्र संग्रह बहुतेक वेळा शत्रूमुळे नव्हे तर एकाच माणसावर विसंबल्यामुळे संपतात. तो माणूस गेला की खोके माळ्यावर जातात. त्यामुळे नोंदणीकृत विश्वस्त संस्था करावी, चाव्या आणि पासवर्ड एकाहून अधिक व्यक्तींकडे असावेत, आणि संस्था बंद पडल्यास संग्रह कोणाकडे व कोणत्या अटींवर जाईल हे घटनेतच लिहावे.

मात्र सरकारी दफ्तर अधिक सुरक्षित असते, या युक्तिवादाने कोणी घाबरवत असेल तर इंग्लंडमधील हॅन्स्लोप पार्क या सरकारी आवाराचे प्रकरण सांगावे. माऊ माऊ उठावाच्या काळात छळ सोसलेल्या केनियन वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावल्यानंतर, २०११ मध्ये ब्रिटिश सरकारला मान्य करावे लागले की ३७ माजी वसाहतींतून आणलेल्या हजारो फायली त्याने तेथे दडवून ठेवल्या होत्या. स्वातंत्र्य देताना अडचणीचे कागद जाळण्याच्या सूचनाही दिल्या गेल्या होत्या. २०१३ मध्ये ५,२२८ जणांना भरपाई मान्य झाली. कागद टिकवण्याची क्षमता असणे आणि टिकवण्याची इच्छा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरी सरकारी कागदांकडे पाठ फिरवू नये. त्यांच्या प्रती मिळवून आपल्या संग्रहात ठेवाव्यात आणि शेजारी समुदायाचे म्हणणे नोंदवावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमातींची नावे नोंदवह्यांत चढवली गेली. अशा नोंदीखाली ती व्यक्ती कोणाची कोण होती, काय काम करीत असे, हे तिच्या वंशजांच्या शब्दांत लिहिलेले असले तर तो कागद पुढच्या वाचकाला वेगळा बोलतो.

उत्तर : नेगेटिव्ह

मी केवळ तांत्रिक बाजू लिहिते. आधी कॅसेटना हात घाला, कारण त्या वाजवणारी चांगली यंत्रे आणि ती दुरुस्त करणारी माणसे दोन्ही कमी होत चालली आहेत. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे पाकळीसारखे तुकडे असतात. ते तोडले की तिच्यावर चुकूनही नवे ध्वनिमुद्रण होत नाही. हे आजच करा. ध्वनी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये साठवा, आणि आवाज स्वच्छ करायचा असल्यास तो वेगळ्या प्रतीत करा.

छायाचित्रांच्या मागे पेनने लिहू नका. मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कटाक्षाने टाळा, गंजलेल्या टाचण्या काढा. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी असावी. फाइलींचे चेकसम (फाइलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेले पडताळणीचे आकडे) काढून ठेवले आणि ते ठरावीक काळाने ताडून पाहिले, तर एखादी फाइल नकळत बिघडल्यास ते वेळीच कळते.

रानवाटा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत याबद्दल आभारी आहे. विद्यापीठाला नकारच द्यावा लागेल का? आणि एक अडचण: एकाच छायाचित्राबद्दल दोन वृद्ध वेगवेगळी माहिती सांगतात. सूचीत काय लिहावे?

उत्तर : दप्तरदार

नकार देण्याची गरज नाही, अटी बदलून मागा. मूळ आपल्याकडे राहील, त्यांना प्रत मिळेल, पाहण्यावर मर्यादा असलेल्या नोंदी त्यांच्या प्रतीत नसतील, आणि समुदायाने एखादी नोंद मागे घेतली तर तेही ती काढतील. कॅनडातील फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समुदायांनी, १९९८ पासून आपल्या माहितीवर मालकी, नियंत्रण, प्रवेश आणि ताबा अशा चार हक्कांचा आग्रह धरला आहे. कराराचे प्रत्येक कलम या चार कसोट्यांवर तपासता येते. हे मान्य नसेल, तर त्यांना संग्रह हवा आहे, समुदायाशी नाते नको आहे, असे समजावे.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: दोन्ही लिहा. 'डावीकडून तिसरी स्त्री कोण' याखाली एका वृद्धेने सांगितलेले नाव, दुसऱ्याने सांगितलेले नाव, प्रत्येकापुढे सांगणाऱ्याचे नाव, सांगितल्याची तारीख आणि सांगणाऱ्याला ते कसे ठाऊक, इतके रकाने ठेवा. छायाचित्र कोणी काढले आणि ते कोणाच्या घरातून आले हेही लिहा. निवाडा करू नका, आणि नंतर कोणी तिसरी माहिती आणली तर तिच्यासाठी खाली जागा मोकळी ठेवा.