ऑस्ट्रिच इनचा खुनी पलंग: दंतकथेला इतिहास म्हणायचं का?

वाटसरू
लंडनहून बाथला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कोलनब्रुक नावाचं गाव आहे. तिथल्या ऑस्ट्रिच इन या सरायची गोष्ट अशी: मालक जार्मन आणि त्याची बायको पैसेवाल्या पाहुण्याला सगळ्यात चांगली खोली देत. पलंग जमिनीला पक्का ठोकलेला. मध्यरात्री खालून खिट्ट्या काढल्या की तो कलंडायचा आणि झोपलेला माणूस थेट खालच्या उकळत्या काहिलीत. असे साठ बळी घेतले म्हणतात. शेवटचा बळी रेडिंगचा कापड व्यापारी थॉमस कोल. त्याचा घोडा तबेल्यातून सुटला आणि बिंग फुटलं.

ही सत्यघटना म्हणून सांगतात, त्याला माझा ठाम विरोध आहे. कोलची ही गोष्ट थॉमस डेलोनीच्या 'थॉमस ऑफ रेडिंग' या गद्यकथेतली. डेलोनी रेशीम विणणारा, पोवाडे रचणारा, १६००च्या सुमारास वारलेला. त्याने गोष्ट घातली इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्या काळात, म्हणजे साडेचारशेहून जास्त वर्षं मागे. शिवाय त्याच्याच कथेत राजा ते घर जाळायला लावतो आणि त्या जागी पुन्हा कुणी काही बांधू नये असा हुकूम देतो. मग खुनाची खोली आजच्या इमारतीत कुठून आली?

मुशाफिर
पण जागेचं जुनेपण खोटं नाही. मायलो क्रिस्पिन या नॉर्मन सरदाराने कोलनब्रुकची पांथशाळा ॲबिंग्डनच्या मठाला दान दिली, ती ११०६ची गोष्ट. 'हॉस्पिस' म्हणजे पांथशाळा, त्याचंच पुढे 'ऑस्ट्रिच' झालं असंही मानतात. डेलोनीने कोलनब्रुकच का निवडलं? वाटेवरच्या लोकांच्या तोंडी काहीतरी असणारच.

वाटसरू
'असणारच' हा पुरावा नव्हे. दान पांथशाळेचं होतं, त्यात खुनाचा शब्द नाही, आणि ती पांथशाळा म्हणजे हीच सराय हेही त्यातून ठरत नाही. गावाच्या नावाचंही तसंच. कोलचं प्रेत ओढ्यात टाकलं म्हणून 'कोल-इन-ब्रुक', असं सांगतात. अहो, तिथून कोल्न नदी वाहते!

रातराणी
वाटसरू, तारखांबद्दल तुमचं मान्य. पण गोष्टीला नुसतं खोटं म्हणून बाजूला सारू नका. कमरेला रोकड बांधून परक्या छपराखाली झोपायचं, दिवा मालवायचा, दाराची कडी आतून लागते की नाही तेही ठाऊक नाही. ही भीती कुठल्या दानपत्रात लिहिलेली सापडेल? ती या पलंगाच्या गोष्टीतच टिकली आहे. चारशे वर्षं लोक ती सांगत आले, हासुद्धा त्या सरायचा इतिहासच. 'असं सांगतात' एवढं आधी जोडा आणि खुशाल सांगा.

वाटसरू
ते दोन शब्दच तर कुणी जोडत नाही. आजची इमारत साधारण सोळाव्या शतकातली, लाकडी सांगाड्याची. घोडागाड्या अंगणात घेणारं तिचं मोठं दार पाहावं, त्या रस्त्यावरची वर्दळ कशी असेल ते डोळ्यांपुढे आणावं. येणारा मात्र पहिला प्रश्न विचारतो, काहील कुठे होती?