‘रंकाळा फुकट आहे, ट्रेडमिलला पैसे कशाला?’ म्हणणाऱ्या भावासाठी

शिफ्टवाला

परवा इथं एकानं लिहिलं होतं, “कोल्हापुरात राहून ट्रेडमिलला पैसे भरणारा बघितला की कीव येते. रंकाळा फुकट, विद्यापीठ फुकट, हवा फुकट. ज्याला वजन उतरवायचंय तो बाहेर पळतो, ज्याला फोटो टाकायचाय तो जिमला जातो.” खाली बदामांचा पाऊस. मी गप्प बसणार होतो, पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच पोस्ट मलाच टॅग करून आली.

भावा, मी गोकुळ शिरगावला सेकंड शिफ्ट करतो. घरात पाऊल टाकतो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. तुझी ती सुंदर पहाट माझ्या झोपेच्या बरोबर मध्ये येते. उठून आवरेपर्यंत बाहेर ऊन डोक्यावर, नाहीतर पाऊस. आणि पाऊस म्हणजे आपल्याकडचा पाऊस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्या दिवसांत तू काय करतोस ते पण एकदा लिही. छत्री घेऊन पळतोस?

आता वजनाचं. पळण्याचा ढोबळ हिशेब असा की अंगाच्या एका किलोला एका किलोमीटरमागं साधारण एक कॅलरी जाते. माझं वजन 92. पाच किलोमीटर पळालो की साडेचारशेच्या आसपास गेल्या. रंकाळ्यावर तेवढ्याच, पट्ट्यावर जवळजवळ तेवढ्याच. बाहेर वारा कापायला लागतो म्हणून फरक पडतो म्हणतात. तर जोन्स आणि डाउस्ट या दोन संशोधकांनी 1996 मध्ये मोजून ठेवलंय, पट्ट्याला एक टक्का चढ दिला की बाहेरच्या सपाट रस्त्याइतकी ताकद लागते. तेही तासाला दहा किलोमीटरच्या वर पळणाऱ्यांचं. माझ्यासारखा सातच्या वेगाला धापा टाकणारा असा कुठला वारा कापणार आहे?

कुत्र्यांवर तर मी लिहीतच नाही.

पहाटे_रंकाळा

पोस्ट माझीच होती, नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

हिशेब भारी मांडलाय. फक्त जिममध्ये तो हिशेब करतंय कोण? मशीनवरचा आकडा बघतात आणि खाली येऊन वडा खातात. त्यातली निम्मी मशीन वजन न विचारताच चालू होतात, मग ती कॅलरी कुणाच्या वजनाची काढतात? क्रॉस ट्रेनर तर दाखवायला एकदम उदार. आणि चढ दिला की माणूस समोरचा दांडा धरून मागं रेलतो, म्हणजे दिलेला चढ गेला फुकट. मी वर्षभर जिमला पैसे भरलेत, त्यामुळं ऐकीव सांगत नाही. माझ्या शेजारच्या मशीनवरचे काका दांड्याला लोंबकळून अख्खी मालिका बघायचे. घाम कधी बघितला नाही, आकडा मात्र रोज चारशेच्या वर.

आणि तुम्हाला माहीत असेलच, ही ट्रेडमिल आली कुठनं. 1818 साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायऱ्यांचं चाक काढलं, दिवसभर चढत राहायचं आणि पोचायचं कुठंच नाही. आज कळंबा जेलमध्येपण कुणाला ही शिक्षा देत नाहीत. तुम्ही महिन्याला पैसे भरून घेताय.

पावसात पळतो. भिजतो. विरघळत नाही.

कुत्री घाबरणाऱ्यालाच भुंकतात.

मंगळवारातला

तुमी दोघंबी चुकताय. ह्या गावात शाहू महाराजांनी 1912 ला खासबाग बांधलं ते काय पट्ट्यावर चालायला? लाल मातीत उतरायचं, जोर मारायचे, बैठका काढायच्या. मशीन नको, बूट नको. आता तालमीत पोरं कमी आन् जिमच्या आरशापुढं जास्त. एका तालमीचं नाव सांगा जिथं ढेरी सुटलेला पोरगा बघितलाय.

शिफ्टवाला

आबा, पैलवान वजन वाढवायला तालमीत जातो. थंडाई, तूप, मटण खाऊन एकशेवीस किलो होतो आणि त्याला आपण भारी म्हणतो. मला 92 चं 80 करायचंय. मी तुमच्या मातीत उतरलो तर उचलायला चारजण लागतील.

नववी गल्ली

“रंकाळा फुकट.” कुणाला फुकट, तेवढं सांगा.

मी पहाटे पळायचे. ओढणी नको म्हणून टी-शर्ट, टी-शर्ट नको म्हणून त्यावर जॅकेट, उन्हाळ्यातपण. गाडी हळू करून “वैनी, जरा जोरात” म्हणणारे रोजचे ठरलेले. किल्ली बोटांच्या फटीत धरून पळायची सवय झाली होती. तुमच्यापैकी किती पुरुष किल्ली तशी धरून पळतात?

आणि “घाबरणाऱ्यालाच भुंकतात” हे वाक्य ज्यांनी लिहिलंय त्यांच्यासाठी खास सांगते. माझ्यावर भुंकलंच नाही. मागनं आलं. आधी लेगिंग टरकन फाटल्याचा आवाज आला, मग पोटरीत गरम काहीतरी गेल्यासारखं वाटलं, आणि मी खाली बघितलं तर ते सोडून निघूनपण गेलं होतं, अगदी शांतपणे. नळाखाली पाय धरून साबणानं पंधरा मिनिटं धुतलं, कारण तेवढं ठाऊक होतं. मग दवाखाना. जखमेभोवती एक वेगळं इंजेक्शन, आणि रेबीजच्या लसीचे डोस: पहिला दिवस, तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. एकदा रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे मला तिथल्या रांगेत बसून वाचायला मिळालं.

आता मी ट्रेडमिलवर असते. कीव करा खुशाल.

मोत्याची आई

ताई, तुमच्यासोबत झालं ते वाईटच. पण सगळ्या कुत्र्यांवर का जाताय? आमच्या गल्लीतली सगळी नसबंदी झालेली, लस दिलेली आहेत. मी स्वतः पकडून नेलीत. नसबंदी झालेलं कुत्रं शांत असतं. ती रस्त्यावर का आहेत विचारा. कोपऱ्यावर चिकन सिक्स्टी-फाइव्हच्या गाड्या, रात्री बाराला हाडं गटारीच्या कडेला. माणसांनीच त्यांना बोलावलंय.

पहाटे_रंकाळा

आणि सकाळी बिस्किटं कोण टाकतं? पाण्याकडेच्या कट्ट्यावर पारले-जीचे पुडे रोज फुटतात. एक बाई स्कूटर लावते आणि दहा-पंधरा जणांची पंगत बसते. तिथनं पुढं पाच मिनिटं मी पळत नाही, चालतो. शिवाय कुत्र्याला मैदा आणि साखर चारून कसली माया करताय? त्यांचीच वजनं वाढली असतील.

नववी गल्ली

एक मिनिट. तुम्ही चालता? कुत्री तर घाबरणाऱ्यालाच भुंकतात ना?

पहाटे_रंकाळा

मी भीती वाटते असं कुठं म्हटलं? काठी असते माझ्याकडं.

शिफ्टवाला

काठी!! विषय हार्ड. “हवा फुकट, रंकाळा फुकट” मध्ये काठीचा उल्लेख राहून गेला वाटतं.

मोत्याची आई

काठी घेऊन पळणारा माणूस बघूनच कुत्रं बिथरतं. ती हद्दीची जनावरं आहेत. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम वाचा. नसबंदी करून, लस देऊन जिथनं उचललं तिथंच सोडायचं. कारण एक टोळी हलवली की त्या जागेवर दुसरी येते, बिनलसीची.

मंगळवारातला

नियम कुत्र्याला वाचून दावा.

पहाटे_रंकाळा

तुम्ही अर्धाच नियम सांगताय मॅडम. 22 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टानं दिलेला आदेशपण सांगा. लस दिलेलं सोडायचं, पण पिसाळलेलं किंवा अंगावर येणारं सोडायचं नाही. आणि रस्त्यात कुठंही खायला घालायचं नाही, त्यासाठी जागा ठरवून द्यायच्या. तुमची स्कूटर कुठल्या ठरलेल्या जागेवर लागते?

मोत्याची आई

जागा ठरवून दिली की तिथं जाईन. ज्यांनी द्यायची त्यांना विचारा. तोवर उपाशी मारू? उपाशी कुत्रं जास्त चावतं का पोट भरलेलं, एवढं तरी सांगा.

नववी गल्ली

मला चावलेलं चांगलं गुबगुबीत होतं.

रोज गुडघे बघते

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुत्री जरा बाजूला ठेवता का? मूळ प्रश्नावर दोन गोष्टी बोलते, मग भांडा.

एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. शिफ्टवाल्यांच्याच हिशेबानं पाच किलोमीटरला साडेचारशे, म्हणजे एका किलोला पाऊणशेपेक्षा जास्त किलोमीटर, तेही वर काहीही न खाता. वर काहीही न खाता हे महत्त्वाचं, कारण पळून आलं की भूक खवळते आणि उरलेला दिवस माणूस सोफ्यावर काढतो. हर्मन पॉन्टझर या संशोधकाच्या गटानं 2012 मध्ये टांझानियातल्या हाडझा लोकांच्या कॅलरी मोजल्या. शिकार, कंदमुळं, दिवसभर पायपीट. त्यांचा दिवसाचा एकूण खर्च, अंगाच्या मानानं बघितलं तर, खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन माणसाइतकाच निघाला. त्यामुळं पट्टा का रस्ता, यावर एवढं रक्त आटवायची गरज नाही. वजन ताटात ठरतं. पळणं हे हृदयासाठी, साखरेसाठी, आणि उतरलेलं वजन परत येऊ नये म्हणून.

दुसरं, नव्वदच्या वर वजन असलेल्यानं पहिल्या दिवशी पळायचंच कशाला? पट्ट्याला पाच-सहा टक्के चढ द्या, दांडा सोडा आणि भरभर चाला. धाप तेवढीच लागते, आपटणं कमी. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो, हे 2005 मध्ये गुडघ्याची झीज असलेल्या लठ्ठ रुग्णांवर मोजलेलं आहे. माझ्याकडं येतात ते बहुतेक एक जानेवारीला नवे बूट घेऊन डांबरावर सुटलेले असतात. नडगी धरून येतात. जे हौशी, बेतानं वाढवत पळतात त्यांचे गुडघे पळण्यानं झिजतात हा समज तेवढा चुकीचा आहे. म्हणजे पहाटेवाल्यांचं पण अगदीच चूक नाही.

पहाटे_रंकाळा

“अगदीच चूक नाही.” फ्रेम करून लावतो.

पण मॅडम, एक गोष्ट तुमच्या हिशेबात बसत नाही. मी जिम सोडली, रंकाळा धरला आणि माझं वजन उतरलं. ताट तेच होतं. बायको साक्षीदार आहे.

कट_पाव

रविवारच्या रनिंगनंतर ह्यांचा अख्खा ग्रुप मिसळीच्या रांगेत असतो. मी स्वतः मागं उभा होतो. दोनदा कट मागितला, पावाचं तर विचारू नका.

पहाटे_रंकाळा

रविवार धरत नाहीत.

रोज गुडघे बघते

ताट तेच होतं असं सगळेच म्हणतात. आठवडाभर लिहून ठेवा, मग बोलू. आणि जिममध्ये असताना रात्री झोपायला किती वाजायचे? पहाटे पाचला उठायचं म्हणून दहाला झोपणारा माणूस रात्रीचं अकराचं खाणं आपोआप सोडतो. त्याचं श्रेय रंकाळ्याला द्यायचं असेल तर द्या, माझी हरकत नाही.

शिफ्टवाला

म्हणजे सेकंड शिफ्टवाल्याचं वजन पट्ट्यावरपण उतरणार नाही आणि रस्त्यावरपण नाही. बारा वाजता घरी येऊन जेवणाऱ्याचं काय करायचं ते सांगा. आईनं झाकून ठेवलेलं असतं. नाही खाल्लं तर सकाळी तेच विचारते, “बाहेर खाल्लंस व्हय?”

रोज गुडघे बघते

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आठला भाकरी-भाजी खा आणि आईला खरं सांगा. घरी आल्यावर ताक. सोपं नाही, माहीत आहे.

मोत्याची आई

मला एवढंच म्हणायचं होतं की त्या कट्ट्यावरची चार कुत्री अजून नसबंदीची राहिलीत. पकडायला माणूस मिळत नाही. काठीवाले भाऊ रोज तिथंच असतात, तर एका सकाळी जाळी धरायला येतील का?

पहाटे_रंकाळा

मी पळायला येतो, जाळी धरायला नाही.

मोत्याची आई

पाच मिनिटं तर चालताच की.

शिफ्टवाला

तेवढं एक कबूल करतो. काल दांडा सोडून सहा टक्क्यावर चाललो. रोजचाच वेग, पण चौथ्या मिनिटाला बोलता येईना. म्हणजे दांड्याबद्दल काठीवाला बरोबर आहे, इथनं पुढं ऐकून घ्यायला लागणार. बाकी कीव वगैरे स्वतःजवळ ठेव. आणि ज्यांना जिमला जायचंय त्यांनी दुपारी दोनला जा, चिटपाखरू नसतं. मशीन पाहिजे ते मिळतं.

नववी गल्ली

दुपारी दोनला मी शाळेत असते, सातवी ब. मला संध्याकाळी सहालाच जमतं. सहाला आमच्या जिममध्ये तीन ट्रेडमिल. एकावर “नादुरुस्त” असा कागद, तो चिकटवला त्याचीपण चिकटपट्टी सुटलीय. दुसरीवर एकजण फोनवर जमिनीचा व्यवहार करत चालत असतो, तासाला दोनच्या वेगानं. तिसरीसाठी आम्ही चौघी. मालकांना सांगितलं तर म्हणतात, “मॅडम, बाहेर रंकाळ्यावर का जात नाही तुम्ही? फुकट आहे.”