भजनी मंडळातून पुरुषांच्या हृदयाची काळजी : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चचा अनुभव आपल्या उपयोगी पडेल का?

प्रश्न – भजनी मंडळाचा कार्यकर्ता, इंदूर

सर्वांना सादर नमस्कार. आमच्या भागातील दत्तमंदिरात दर गुरुवारी भजन होते आणि त्याला चाळिशी-पन्नाशीचे पुरुष मोठ्या संख्येने येतात. त्यांपैकी काहींना साठीच्या आतच हृदयविकाराचा झटका आला. आपला रक्तदाब वाढलेला आहे याची अनेकांना तोवर कल्पनाही नव्हती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात चर्चच्या माध्यमातून रक्तदाब, आहार व व्यायाम यांचे कार्यक्रम चालतात असे वाचले. त्यांचा पुरुषांना प्रत्यक्ष लाभ झाला का आणि आम्ही त्यांतले काय घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. तूर्त बीपीचे मशीन घेऊन गुरुवारी मोजणी सुरू करावी, एवढेच ठरले आहे.

उत्तर – सार्वजनिक आरोग्याची अध्यापिका, वडोदरा

तिथे चर्चच का निवडले गेले, हे आधी पाहावे लागेल. अलाबामातील टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले आणि पेनिसिलिन हे त्यावरचे औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. अशा इतिहासामुळे दवाखान्याविषयी जो अविश्वास मुरला, तो चर्चविषयी नव्हता, कारण ती संस्था त्या समाजाने स्वतः उभी केली होती. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. त्यामागे वस्ती, उत्पन्न, ताण आणि उपचारांतील विषमता यांचा मोठा वाटा आहे.

न्यूयॉर्कमधील 32 चर्चमध्ये झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चर्चमधल्याच प्रशिक्षित सभासदांनी 11 साप्ताहिक वर्ग घेतले आणि पुढे तीन महिने प्रत्येकाशी स्वतंत्र संवाद ठेवला. सहा महिन्यांनी या गटाचा वरचा रक्तदाब तुलनेच्या गटापेक्षा सुमारे 6 अंकांनी अधिक उतरला. ही घट मोलाची आहे, परंतु सहभागी झालेल्यांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. तुमचा प्रश्न पुरुषांविषयी आहे, म्हणून ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

उत्तर – फार्मासिस्ट, ग्वाल्हेर

ताईंच्या म्हणण्याला जोडूनच लिहितो. पुरुष जिथे आपणहून नियमित जातात ती जागा म्हणून लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी कृष्णवर्णीयांची केशकर्तनालये निवडली. 52 दुकानांतील 319 पुरुषांवरील हा अभ्यासही 2018 चाच आहे. एका गटात केशकर्तनकारांनी गिऱ्हाइकांना राहणी सुधारण्याचा व डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह केला. दुसऱ्या गटात त्यांनी गिऱ्हाइकांची गाठ दुकानात येणाऱ्या प्रशिक्षित फार्मासिस्टशी घालून दिली आणि त्या फार्मासिस्टांनी डॉक्टरांच्या संमतीने तिथेच औषधे लिहून दिली. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी 9 अंकांनी उतरला, तर दुसऱ्याचा 27 अंकांनी.

म्हणूनच आपल्या मशीनच्या बेताविषयी मला काळजी वाटते. आकडा सांगून माणसाला घरी पाठवले तर तो पुढच्या गुरुवारीही तोच आकडा घेऊन येतो. आपल्याकडे फार्मासिस्टला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. तेव्हा महिन्यातून एका गुरुवारी तरी डॉक्टर मंदिरात बसतील, आणि ते न जमल्यास जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात मंडळाचा कोणी सोबत जाईल, अशी व्यवस्था आधी करावी. गोळ्या सुरू झाल्यावर बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात. त्यांची आठवण ठेवून विचारपूस करणे हे काम मंडळाइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.

उत्तर – आहारतज्ज्ञ, इंदूर

भजनानंतरच्या फराळाचाही विचार व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चसाठी आखलेल्या ‘बॉडी अँड सोल’ या कार्यक्रमात पास्टरांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे, पाठबळ आणि सभासदांचा परस्पर आधार यांबरोबरच चर्चमधील सामूहिक भोजनात फळे-भाज्या वाढवण्यावर भर होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. आपल्या इंदुरात सकाळच्या पोह्यांवर शेव, जेवणात पापड-लोणचे आणि संध्याकाळी पुन्हा नमकीन असे चालते, तेव्हा ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. गुरुवारी शेवेच्या जागी फळे किंवा उकडलेले चणे ठेवावेत आणि ते बुवांच्या हातून वाटले जावेत. ज्येष्ठांनी पुढाकार घेतला की इतर पुरुष सहज स्वीकारतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांची व्यवस्था झाल्याखेरीज मोजणी सुरू करायची नाही, असा प्रस्ताव मी बैठकीत मांडतो. मोजणी भजनापूर्वी करावी की नंतर, आणि किती आकडा आल्यास घाई करावी?

फार्मासिस्ट, ग्वाल्हेर

भजनापूर्वी करावी. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा, आणि मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजावे. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून अधिक येत राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. 180/120 च्या पुढे आकडा गेला तर त्याच दिवशी दाखवावे. सोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायांत अशक्तपणा असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे. नोंदवही एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी आणि कोणाचाही आकडा चारचौघांत वाचून दाखवू नये, नाहीतर पुरुष दुसऱ्यांदा येणार नाहीत.