एकल पियानोवरचा मारवा: नव्या रचनेत षड्ज जाणवतो का?

पांढरी_चार (सोलापूर)

नमस्कार. एकल पियानोसाठी मी रचलेली 'दुसरी पाळी' ही रचना सोबत जोडली आहे. लांबी सुमारे सहा मिनिटे आहे. माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेले. तिथे चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा आवाज भिंतींतून घरात येत असे, आणि दुपारी सुरू झालेली पाळी ऐन भरात असतानाच सूर्य मावळत असे. मारव्याची वेळही तीच, म्हणून हा राग निवडला.

पांढरी एक (पियानोची 'सी' पट्टी) हा षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', धरला आहे. उजव्या हातात मारव्याचे स्वर आहेत आणि डावा हात धैवत (ध) व कोमल ऋषभ (रे) यांच्यामध्ये सात मात्रांच्या रूपक तालाच्या तीन-दोन-दोन अशा विभागणीने सतत फिरत राहतो. मारव्यात षड्ज जितका लांबणीवर टाकावा तितकी त्याची ओढ वाढते, या समजुतीने पहिली दोन मिनिटे मी षड्ज पूर्णपणे टाळला आहे. गायकाच्या मागे तानपुरा असतो, त्यामुळे न गायलेला षड्जही श्रोत्याच्या कानात राहतो. माझ्याकडे तो आधार नाही. तरीही तुम्हाला षड्ज जाणवतो का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. मधला भाग लांबला आहे का, हेही सांगावे. नुसत्या कौतुकापेक्षा, कुठे कान अडखळला ते कळले तर अधिक उपयोग होईल.

खर्ज

रचना आधी मोबाइलवर आणि नंतर हेडफोन लावून ऐकली. माझे शिक्षण पाश्चात्त्य पियानोचे आहे, त्यामुळे माझा अभिप्राय त्या कानाचा आहे, हे आधीच सांगतो.

मला षड्ज जाणवला नाही. जाणवले ते धैवताचे घर. धैवत, कोमल ऋषभ आणि गंधार (ग) हे तीन स्वर एकत्र आले की पियानोवर सरळ 'ए मेजर' कॉर्ड तयार होतो, आणि तुमचा डावा हात त्यातल्याच दोन स्वरांवर घुटमळत असल्यामुळे कान सुरुवातीलाच तिथे मुक्काम ठोकतो. त्यानंतर दोन मिनिटांनी येणारा षड्ज घरी परतल्यासारखा वाटण्याऐवजी परक्या स्वरासारखा वाटतो. निषादावरून (नी) कोमल ऋषभावर जाणारी तुमची जागा सुंदर आहे, पण त्या दोन स्वरांमधले अंतर कानाला साध्या पूर्ण स्वराइतकेच आहे. मधे षड्ज आहे आणि तो मुद्दाम ओलांडला आहे, हे ठाऊक असेल तरच त्यात ताण निर्माण होतो.

उपाय म्हणून असे सुचवतो, की आरंभी खर्जातला, म्हणजे अगदी खालचा, षड्ज एकदाच, जोर न लावता वाजवावा, पेडल दाबून तो बराच वेळ विरू द्यावा आणि मगच डावा हात सुरू करावा. पियानोची खालची तार काही सेकंद सहज गुंजत राहते. मात्र हा स्वर सुमारे ६५ हर्ट्झचा असल्यामुळे मोबाइलच्या स्पीकरवर त्याचा पाया जवळजवळ उमटणारच नाही आणि कानाला त्याच्या वरच्या उपस्वरांवरून तो ओळखावा लागेल. तेव्हा त्याच्या जोडीला वरच्या सप्तकातला षड्जही हलकेच वाजवलेला बरा.

जवारी

'खर्ज' यांच्या निरीक्षणाशी मी सहमत आहे. कोणी मागे तानपुऱ्याचे ॲप लावण्याचा सल्ला देण्याआधीच सांगते की ते करू नये. एक तर रचना एकल राहणार नाही. दुसरे असे, की तानपुऱ्यातून जो स्वयंभू (न छेडता आपोआप ऐकू येणारा) गंधार उमटतो, त्याच्यापेक्षा पियानोचा गंधार सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. मारव्यात गंधारावर थांबण्याच्या जागा असल्यामुळे ही तफावत सतत टोचत राहील. खर्जातल्या षड्जातूनही तोच नैसर्गिक गंधार निघतो हे खरे, पण तो क्षीण असतो आणि विरून जातो.

माझा मोठा आक्षेप मधल्या भागाबद्दल आहे. तो लांबला आहे असे मला वाटत नाही. तो मारव्यातून बाहेर पडला आहे. साधारण तिसऱ्या मिनिटापासून तुम्ही मंद्र सप्तकात उतरून निषाद आणि गंधार यांवर विसावता, आणि स्वर तेच असले तरी तो पूरिया राग होतो. मारवा ऋषभ आणि धैवत यांच्यावर उभा असतो. गायक स्वराच्या लगावाने, मिंडीने (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊन) हे दोन राग वेगळे ठेवू शकतो. पियानोवर कोमल ऋषभाची पट्टी एकच आहे, मग राग श्री असो की मारवा. त्यामुळे राग टिकवण्याचा सगळा भार न्यासाच्या, म्हणजे स्वरावर विसावण्याच्या, जागांवर येतो आणि तिथे ढिलाई परवडत नाही. निषादावर थांबायचेच असेल, तर आधी ऋषभाचा कण (ओझरता स्पर्श) लावून पुढे धैवतावर जावे. त्या भागात पेडलही अर्धेच दाबावे, कारण तीव्र मध्यम आणि गंधार एकमेकांत मिसळून धूसर झाले आहेत.

धोटा (सोलापूर)

मला रागातले फारसे कळत नाही, पण मागाजवळ अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून त्यापुरते लिहितो. माग सातात चालत नाही. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग) एका बाजूने जातो तो एक ठोका, परत येतो तो दुसरा, आणि हे दोन ठोके सारखे नसतात. एक किंचित कोरडा असतो. शेडमध्ये बरेच माग एकाच वेळी चालतात, पण कोणतेही दोन माग तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. त्यामुळे ठोके कधी एकत्र पडतात आणि पुन्हा फाटतात. त्या गलक्यात आपल्याला तीन, पाच, सात असे काहीबाही ऐकू येते. तुमच्या रचनेत सात आहे, पण तो पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत घडी केलेल्या चादरीसारखा नीटनेटका आहे. शीर्षक वाचले नसते, तर मला मागाची आठवण झाली नसती. (आता धोट्याविना चालणारे मागही आले आहेत आणि त्यांचा आवाज निराळा आहे, पण तुम्ही लहानपणचा आवाज म्हणता, म्हणजे धोट्याचाच असणार.)

शेवटचे अर्धे मिनिट मात्र फार आवडले. डावा हात एकेक स्वर गाळत जातो, तेव्हा पाळी सुटताना माग एकामागून एक बंद पडतात तसे वाटले.

पांढरी_चार (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. 'खर्ज' यांनी सुचवलेली सुरुवात काल वाजवून पाहिली. षड्ज आधी ऐकवल्यावर निषाद-ऋषभाची जागा खरोखर बदलते, त्यामुळे ती ठेवणार आहे. 'जवारी' यांनी दाखवलेला पूरिया मला हवा होता, असे म्हणून वेळ मारून नेता येईल, पण रचना मारव्याची राहावी अशी इच्छा असल्यामुळे मधल्या भागातले न्यास बदलून पुन्हा लिहीन.

'धोटा' यांच्या मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. रूपक सोडणार नाही, कारण त्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) खालीची, म्हणजे बिनजोराची, असल्यामुळे प्रत्येक आवर्तन जमिनीवर पाय न टेकताच सुरू होते, आणि टाळलेल्या षड्जाशी ते जुळते. मात्र डाव्या हातात सरळ दोन-दोनचे ठोके ठेवून सातची विभागणी फक्त उजव्या हाताच्या आघातांतून दाखवता येईल. तसे केल्यास दर दोन आवर्तनांनी, म्हणजे चौदा मात्रांनी, दोन्ही हात पुन्हा एकत्र येतील. कोरड्या ठोक्यासाठी एक स्वर पेडलशिवाय तोडून वाजवावा, असा विचार आहे. तो कोरडा ठोका धोटा जातानाचा असतो की परततानाचा, एवढे कृपया सांगावे.

धोटा (सोलापूर)

ते मागामागावर अवलंबून असते. आमच्या मागाचा परततानाचा ठोका कोरडा होता.