मदत हवी आहे: रोझवुडवरचं व्हार्निश सुकतच नाहीये

मंडळी, हाताने बनवलेल्या अकूस्टिक गिटारला ऑइल व्हार्निश मारलंय, वरचा टॉप स्प्रूसचा आहे तो छान कडक झालाय पण बॅक आणि साइड्स रोझवुडच्या आहेत आणि तिथे अजून चिकट लागतंय, अंगठा जरा दाबून धरला की ठसा उमटतो, नाक जवळ नेलं तर वासही येतोच. डबा तोच, ब्रश तोच, खोलीही तीच, त्यामुळे व्हार्निश खराब असेल असं वाटत नाही.

लॅकर सॉल्व्हंट उडून सुकतं, पण ऑइल व्हार्निश हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि रोझवुडमधले नैसर्गिक तेलकट घटक नेमकं तेच अडवतात. म्हणून खाली डीवॅक्स्ड शेलॅकचा (मेण काढलेल्या लाखेचा) सीलर, म्हणजे लाकूड आणि व्हार्निशमधला आडथर, आहे. तरी मधल्या जोडापाशी बोट सरकतं आणि गिटारच्या कमरेच्या वळणावर अडकतं, म्हणजे तिथे सीलरचा थर पातळ असावा का?

आता थांबायचं की काढायचं? यूव्ही लाइट आणि पंखा लावून अजून काही आठवडे वाट बघून कोणाचं खरंच सुकलंय का? जास्त उष्णता द्यायची नाहीये, ग्लूचे जोड सैल पडतील. आणि काढायचंच झालं तर बाइंडिंग (कडेने लावलेली पट्टी) प्लॅस्टिकचं आहे, अ‍ॅसिटोनने ते विरघळेल, मग नुसतं स्क्रेपरने खरवडावं का? चिकट थरावरच शेलॅक मारा असंही सांगतात पण मला ते पटत नाही, खालचं ओलं तसंच कोंडून राहील ना. ज्यांनी रोझवुडवर काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, लाकूड फार सुंदर आहे हो, वाया जायला नको.